सारजाआत्याचं पान

माझी आत्या ज्या विहिरीत बुडून मेली, त्याच विहिरीचं पाणी ती रोज सकाळी हंड्यात भरून घरी आणायची. वाचणारा बुचकळ्यात पडेल, पण आम्ही भावंडं हे वाक्य ऐकतच मोठी झालो. बुडाली ती पुस्तकातली सारजा. पाणी आणायची ती आमची सारजाआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पुस्तक लिहिणारा माणूस आमच्याच गावचा, ज्या मालकांच्या मळ्यात ती विहीर आहे त्यांचा मुलगा. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. गावाच्या तोंडाशी त्याच्या नावाची कमान आहे, शाळेच्या भिंतीवर आहे, एसटीच्या थांब्यावर आहे. एवढ्या ठिकाणी असताना आणखी माझ्या कागदावर कशाला? मी त्याला लेखक म्हणेन. मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हणेनच.

मंठ्याचा बाजार एका अंगाला आणि आष्टीचा दुसऱ्या अंगाला, अशा मधल्या पट्ट्यात आमचं गाव. काळी जमीन थोडी आणि माळ फार. आमची धनगराची चार घरं माळाच्या कडेला होती. पुस्तकात लेखकानं गावाचं नाव बदललं, ओढ्याची नदी केली, माळावर डोंगर उभा केला, आपल्या वडिलांना दिलदार केलं (हा बदल सगळ्यांत मोठा) आणि स्वतःलाही नवं नाव घेतलं. बदललं नाही ते फक्त आत्याचं. सारजा ती सारजाच राहिली, हनुवटीवरचं तीन ठिपक्यांचं गोंदण तेही तसंच राहिलं. पुस्तकातली सारजा मेंढ्या पाजायला विहिरीवर येते, मालकाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलावर तिचा जीव जडतो, तिला दिवस जातात आणि तो शहरात असताना ती विहीर जवळ करते. ती विहीर मी पाहिलेली आहे. संक्रांत उलटली की तिच्यात बुडायचं तर माणसाला आडवं पडावं लागेल एवढंच पाणी असतं. पण शहरातल्या वाचकांना हे कोण सांगणार?

खरं काय झालं ते आत्यानं मला एकदा शेंगा फोडता फोडता सांगितलं होतं. "मी मेंढ्या पाजायला जायचे. ते चिंचंखाली पुस्तक घेऊन बसायचे. एक डाव म्हनले, तुला गानी येतेत का? म्या म्हनलं, येतेत. म्हनून दावली. मंग रोज इचारायचे. लोकरीला काय म्हनता, कोकराला काय म्हनता, देवापुढं काय गाता. म्या सांगत गेले. इतकंच. बिलकुल बोट बी लागलं न्हाई."

"मंग असं कामून लिहिलं?"

"मला काय ठाऊक? मला वाटलं होतं, शिकून राह्यलेत, अभ्यासाला लागत असंल." एवढं बोलून तिनं टरफलं सुपात झाडली आणि उठली. लेखकाबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नाही. जे बोलायचं ते आम्ही बाकीचे बोलायचो, आणि जेवताना बोलायचो, त्यामुळे आमच्या घरात पहिल्या घासाबरोबर त्याला शिव्या बसायच्या.

पुस्तक आलं तेव्हा आत्याचं लग्न होऊन ती आष्टीजवळच्या एका गावात नांदत होती. कडेवर रांगता मुलगा होता. तिथल्या शाळेतल्या मास्तरांनी हौसेनं ते पुस्तक पारावर वाचून दाखवायला घेतलं. धनगराची सारजा, अमुक गावची, हनुवटीवर तीन ठिपके. ऐकणाऱ्यांना ओळखायला किती वेळ लागतो? बुडालेली बाई घरात भाकऱ्या थापते आहे याचंही कुणाला नवल वाटलं नाही. बुडणं खोटं असेल, पण त्याच्या आधीचं खरं असणार, असं त्या गावानं ठरवलं. आत्याच्या नवऱ्यानं मारझोड केली नाही, आवाज चढवला नाही. बैलगाडीतून तिला आमच्या शिवेपर्यंत आणलं, उतरवलं, आणि मुलाला तिच्या कडेवरून काढून घेऊन गाडी वळवली. त्या माणसाचा मला राग येतो, पण लेखकाइतका नाही. हा निदान समोर येऊन वागला.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पुढं एकदा मालकांच्या घरी जाऊन आले. मालक झोपाळ्यावर बसून म्हणाले, "अरे वेड्या, तुझी बहीण अजरामर झाली की!" आबांना तो शब्द नवा होता. त्यांनी वाटेत शाळेत थांबून अर्थ विचारला आणि घरी येऊन आत्याला सांगितलं, "ते म्हनतेत, तू कधी मरनार न्हाईस." आत्या चूल फुंकत होती. ती म्हणाली, "मंग बुडवली कामून?"

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचा ओटा आणि त्याच्यापुढं मेंढ्या कोंडायची जाळीची वाघर. पहाटे जाग यायची ती मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंट्यांनी आणि त्यामागोमाग भाकरी थापण्याच्या आवाजानं. माय आणि आत्या आळीपाळीनं थापायच्या, आणि मी गोधडीतून सांगू शकायचे की आज कुणाचा हात आहे. मायचा हात जड, धपधप. आत्याची थाप हलकी आणि सारखी, मधेच थांबून ती मेंढ्यांना ओट्यावरूनच हाळी द्यायची. तोंडात बोट न घालता जिभेनंच ती अशी शीळ घालायची की माळावरचा कुत्रा धावत यायचा. थंडीत घरात येसराची आमटी व्हायची, भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या त्या पिठाचा खमंग वास घोंगड्यांनासुद्धा लागायचा. मी आता जालन्यात राहते, सून मिक्सरवर येसर करते, चांगलं करते. तरी मी डबा उघडून वास घेते आणि काही न बोलता झाकण लावते.

एक पदार्थ मात्र आत्या ओठाला लावायची नाही, तो म्हणजे ज्वारीच्या कण्या. लहानपणी तोच खाऊन दिवस काढले होते, तिला वास नकोसा व्हायचा. आता पुस्तकातल्या सारजाला काय आवडतं म्हणता? गूळ घालून कण्या! त्या कण्यांवर लेखकानं अख्खं पान लिहिलं आहे. तो उतारा आम्हाला शाळेत धडा म्हणून होता. परीक्षेत प्रश्न आला, सारजाच्या आवडीनिवडींवरून तिच्या स्वभावाचं वर्णन करा. मी लिहिलं, सारजाला कण्या आवडत नाहीत, तिला अंबाडीची भाजी आणि तेल-तिखट आवडतं, तिचा स्वभाव तापट आहे. मास्तरांनी तांबड्या शाईनं लिहिलं, धडा वाचलेला दिसत नाही.

मी शाळेत असतानाच ती फेरी सुरू झाली. दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत औरंगाबादहून, पुण्याहून लोक यायचे आणि पुस्तकातल्या जागांवरून पायी हिंडायचे. कमानीपासून निघायचं, मालकांचं घर, मारुती, ओढा, माळ आणि शेवटी विहीर. प्रत्येक ठिकाणी थांबून पुस्तकातलं तिथलं वर्णन वाचायचं. फेरी काढणारे एक प्राध्यापक होते, गळ्यात मफलर, हातात कर्णा. आमच्याकडे तोवर फेरीवाला म्हणजे बांगड्या विकणारा, त्यामुळे सुरुवातीला बायका ओट्यावर येऊन काय आणलंय म्हणून बघायच्या. हे लोक ज्वारीतून सरळ तुडवत जायचे. ओढ्यापाशी उभं राहून "हीच ती नदी" म्हणत डोळे पुसायचे. कुणी पुडीत माती बांधून न्यायचं. पुस्तकातला डोंगर कुठं आहे असं विचारलं की गावातले लोक हात वर करून कुठंही दाखवायचे, आणि त्यांना तिथं डोंगर दिसायचाही. मी एवढी माणसं एका वेळी इतकी मूर्ख झालेली पुन्हा फक्त निवडणुकीत पाहिली.

फेरीचं जेवण आमच्या घरी शिजायचं. ते काम पंचायतीनं लावून दिलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. माझा वाचनाचा आवाज बरा म्हणून विहिरीवरचा उतारा वाचायला मुख्याध्यापकांनी मला दिलं. पहिल्या वर्षी मी गेले, वाचलं, आणि त्यानंतर जे पाहिलं ते आजही माझ्या अंगावर येतं. प्राध्यापकांनी विहिरीच्या कठड्याजवळ एक पत्रावळ मांडली. तिच्यावर आमच्या घरून नेलेली भाकरी, भात, आमटी आणि खास सांगून करून घेतलेल्या गूळ घातलेल्या कण्या वाढल्या. सगळ्यांनी चपला काढल्या. मग मागं सरून ते कावळ्याची वाट बघत उभे राहिले. दहाव्याला मेलेल्या माणसाच्या नावानं ठेवतात तसं पान त्यांनी माझ्या आत्याच्या नावानं ठेवलं होतं, आणि त्यावरची भाकरी सकाळी आत्यानंच थापलेली होती.

मी पळतच घरी आले. सांगताना मला रडू फुटलं. मायनं हातातलं उलथनं भिंतीवर फेकलं. आबा म्हणाले, "पुढच्या साली एक दाना शिजवायचा न्हाई ह्यांच्यासाठी." आत्या परातीत पीठ मळत होती. तिनं एवढंच विचारलं, "कावळा शिवला का?"

"न्हाई. कुत्र्यानं खाल्लं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मळत राहिली. पीठ मात्र नंतर इतकं घट्ट झालं होतं की त्याच्या भाकऱ्या चिरत गेल्या.

दुसऱ्या वर्षी फेरीच्या थोडं आधी आबा आष्टीच्या बाजाराला गेले असताना त्यांना आत्याचे थोरले दीर भेटले. आत्याच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, घराचा कारभार आता या दिरांकडं होता. आबा परतले ते बैल न सोडताच ओट्यावर बसले. आत्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. रांगता असताना कडेवरून काढून नेलेला तो मुलगा. त्यानंतर आत्यानं त्याला पाहिलं नव्हतं. आणि दिरांनी निरोप दिला होता की आत्यानं मांडवात येऊ नये. "पोरीकडचे इचारून राह्यलेत म्हने," आबा म्हणाले. "म्या लई हात जोडले. मंग म्हनले, ज्यानं लिहिलं त्यानं सोताच्या तोंडानं चार मान्सांत म्हनावं का हे खोटं हाय. मंग बिलकुल आना, पाट मांडू."

मग आत्या म्हणाली, "अवंदा धाकले मालक येऊन राह्यलेत ना फेरीला?" खरंच, लेखकाला कसलासा मोठा सन्मान मिळाला होता आणि त्या वर्षी तो स्वतः चालणार होता. आत्या आबांना म्हणाली, "दादा, भाऊजींना सांगावा धाडा. त्या दिशी हिरीवर या म्हनावं. अन् वैनी, सैपाक आपुनच करू. कण्या बी करू."

त्या दिवसांत आत्याला मी जितकी खुशीत पाहिली तितकी आधी कधी नाही. तिनं ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून उन्हात घातलं. मेंढ्यांना हाळी देतादेता गाणी म्हणायला लागली. मला विचारायची, "गं कौशे, एकच वाक्य हाय ना? किती येळ लागंल?" मी म्हणायचे, "काईच येळ लागनार न्हाई." मला खरोखरच तसं वाटत होतं. एवढा मोठा लेखक, हजारो वाक्यं लिहिलेली. त्याला एक वाक्य काय जड होतं?

फेरीच्या दिवशी धुकं होतं, हरभऱ्यावर दव होतं. आत्यानं अंधारातच कण्या शिजवायला घातल्या आणि नाकाला पदर लावून ढवळत बसली. मी कमानीपासून फेरीबरोबर चालले, आत्या माझ्या मागून डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन. लोकांना वाटलं, पाणी पाजणारी बाई. लेखक सगळ्यांच्या पुढं, अंगावर भरजरी शाल, भोवती माणसांचा घोळका. तो दिसायला देखणा होता हे मान्य करायला हवं. ओढ्याशी एक पुण्याच्या बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाळ, सारजाच्या शेवटाला तू रडलीस का गं?" मी म्हटलं, "सारजा माझ्या मागून चालून राह्यली." त्या बाईंनी मागं वळून धुक्यात पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "किती खरं बोललीस," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या बाईंना सांगायला गेल्या. मला वाटलं, ओढ्यात ढकलून द्यावी.

विहिरीवर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. आत्याचे दीर पटका बांधून चिंचेखाली हाताची घडी घालून उभे होते, त्यांच्याशेजारी आबा. मी उतारा वाचला, माझा आवाज कापत होता, लोकांना ते फारच आवडलं. प्राध्यापकांनी पान मांडलं. सगळे मागं सरले. चिंचेवर कावळे भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. थोडा वेळ गेला. मग प्राध्यापक हात जोडून पुढं झाले. कावळा शिवत नसला की मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं धरून घरचे लोक कबुल्या देतात, पोरांना सांभाळू, शेत विकणार नाही. तशा इथं कबुल्या सुरू झाल्या. प्राध्यापक म्हणाले, "सारजा, तुझ्या नावानं इथं चौथरा बांधू." कावळा हलला नाही. एक दाढीवाला म्हणाला, "तुझी कथा हिंदीत नेऊ." पुण्याच्या बाई रडत म्हणाल्या, "मला मुलगी झाली तर तिचं नाव सारजा ठेवीन." कावळे वरून बघत होते. शेवटी लेखक शाल सावरत पुढं आला आणि मंद आवाजात म्हणाला, "सारजा, मी तुला विसरलेलो नाही."

आत्यानं हंडा कठड्यावर ठेवला. "धाकले मालक," ती म्हणाली, "कावळा असा न्हाई शिवायचा. तिची विच्छा काय हाय ते मला इचारा."

"बाई, पाणी नंतर द्या," प्राध्यापक म्हणाले. पण लेखकाची नजर आत्याच्या हनुवटीवर गेली होती आणि मी त्याच्या तोंडाकडंच बघत होते. त्यानं तिला ओळखलं. तोंडातल्या तोंडात त्यानं तिचं नावसुद्धा घेतलं. आत्याला हायसं वाटलेलं मला तिच्या खांद्यांवरून दिसलं.

"व्हय, मीच," ती म्हणाली. "जित्ती हाय. तुमच्या पुस्तकाचं मला काई न्हाई, ऱ्हाऊ द्या जसं हाय तसं. फकस्त ह्या मान्सांपुढं एवढं म्हना, का ही सारजा बुडाली न्हाई, अन् हिनं तसलं काई केलं न्हाई. माझ्या पोराचं लगीन हाय मालक. तिथं भाऊजी उभे हायेत. त्यांच्या कानावर पडू द्या."

लेखकानं डोळे मिटले. मी त्याच्या ओठांकडं बघत मनात म्हणत होते, म्हण, म्हण. त्यानं डोळे उघडले आणि आत्याकडं पाठ करून लोकांकडं वळला. "मित्रहो," तो म्हणाला, "लेखकाच्या आयुष्यात असा क्षण एखादाच येतो. आपण निर्माण केलेलं पात्र कागदावरून उतरून आपल्यासमोर उभं राहतं आणि न्याय मागतं. ही कोण आहे? ही प्रत्येक गावातली सारजा आहे. माझी सारजा बुडाली, पण ती मेलेली नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. कावळे उडाले. त्यानं आपल्या खांद्यावरची शाल काढून आत्याच्या खांद्यांवर घातली, तिच्यापुढं वाकून नमस्कार केला, आणि फोटोवाला पुढं धावला. चिंचेखाली दीर चपला पायात सरकवायला लागले. आबांचा चेहरा मला बघवेना.

आत्या थोडा वेळ शालीकडं बघत राहिली. मग तिनं ती खांद्यावरून काढली, नीट घडी केली, जसं पाहुण्याला बसायला घोंगडी घालतात तशी पानापुढं जमिनीवर घातली आणि तिच्यावर मांडी घालून बसली. भाकरी मोडली.

"अहो बाई, काय करताय!" प्राध्यापक ओरडले. "ते सारजासाठी आहे!"

"मंग बराबर हाय," आत्या म्हणाली आणि घास घेतला.

ती जेवली. भाकरी, आमटी, भात, सगळं, अजिबात घाई न करता. शेवटी कण्यांचा द्रोण ओढला. जिचा वास तिला सहन होत नव्हता ती वस्तू तिनं बोटांनी पुसून संपवली. मधे एकदा माझ्याकडं बघून म्हणाली, "कौशे, समद्यातच मीठ कमी पडलं गं." उठून तिनं हंड्यातल्या पाण्यानं हात धुतले, चूळ भरली आणि लेखकाला म्हणाली, "शिवला कावळा. तुमची सारजा खाऊनपिऊन गेली, मालक. आता तिला हिथं बोलवू नका." मग चिंचेकडं तोंड करून तिनं आवाज चढवला, "भाऊजी, मी न्हाई बुडाले. लग्नाला मी येनार हाय."

"त्यांनी तर काई म्हनलं न्हाई," दीर म्हणाले.

"मी म्हनलं ना."

शाल तिथंच पडून राहिली. नंतर प्राध्यापकांनी ती झटकून उचलली.

लेखकानं पुढं आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात हा प्रसंग आहे. माझ्याकडं ते पुस्तक आहे, मी विकत घेऊन वाचलं, शत्रूच्या घरात काय शिजतं ते माहीत असावं म्हणून. त्यात एक भुकेली, भ्रमिष्ट म्हातारी कावळ्यासाठी ठेवलेल्या अन्नावर तुटून पडते आणि लेखक अपराधी मनानं तिच्या अंगावर शाल पांघरतो. म्हातारी! आत्या तेव्हा चाळिशीची होती, आणि तिचे दात शेवटपर्यंत शाबूत राहिले. त्या पानावर अनेक वाचकांनी अश्रू ढाळले असं मी ऐकते. मी जालन्यात शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. सारजाचा धडा मलाही शिकवावा लागला, पण परीक्षेत त्याच्यावर प्रश्न मी कधी काढला नाही. लेखक आता हयात नाही. माणूस गेल्यावर वाईट बोलू नये म्हणतात. मी त्याच्या हयातीतही हेच बोलत होते. विहिरीवर चौथरा झाला आहे. फेरी अजून निघते, लोक मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढतात आणि कठड्यापाशी उभं राहून गंभीर चेहरे करतात. आत्या पुष्कळ वर्षांनी गेली, घरी, अंथरुणात, औषध कडू आहे म्हणून मायशी भांडत.

लग्नाला आम्ही तिघं गेलो, आबा, आत्या आणि मी. कुणी या म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. दिरांनी आम्हाला पाहिलं आणि ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेले. अक्षता वाटणारे आमच्यापुढून तसेच निघून गेले. आत्याला ते ठाऊकच असावं, कारण तिनं पदराला गाठ मारून आमच्या शेतातली ज्वारी कुंकवात रंगवून आणली होती. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्या सावधानला तिनं दाणे टाकले ते लोकांच्या पाठींवर पडले. ती एक पाऊल पुढं सरली. पुढच्या बायकांनी वळून पाहिलं, गोंदण पाहिलं आणि अंग चोरून बाजूला झाल्या. मानानं नव्हे, भीतीनं. बुडालेल्या बाईचा स्पर्श कुणाला हवा होता? तशीच ती प्रत्येक सावधानला पुढं जात राहिली आणि वाट मोकळी होत गेली, आणि शेवटच्या वेळी तिच्या मुठीतली ज्वारी थेट नवरदेवाच्या बाशिंगावर पडली. तो वळला. तिच्याकडं किती तरी वेळ बघत राहिला. भटजींनी त्याला खांदा धरून पुढं वळवलं.

पंगत बसली तेव्हा आम्ही मांडवाच्या कडेला टेकलो. पत्रावळी मांडणारा आमच्यापाशी येऊन घुटमळला आणि दिरांकडं बघायला लागला. दीर दुसरीकडं बघत होते. तेवढ्यात नवरदेव आपल्या पानावरून उठला, बाशिंग तसंच कपाळावर, त्याच्यात लाल दाणे अडकलेले. मांडणाऱ्याच्या हातातून पत्रावळ घेऊन त्यानं ती आत्यापुढं ठेवली. भाकरी नव्हती, लग्नाचा वरणभात होता, तो त्यानंच वाढला. "जेव," तो म्हणाला, आणि उभाच राहिला.

आत्यानं घास घेतला, सावकाश चावला, गिळला. ती आता काय बोलते म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "ह्यात मीठ बराबर हाय."